सीन सेव्ह आहे का?

सोलापुरातून विजयपूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर मंद्रूप लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं मोठं गाव. पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक. या पट्ट्यात माईकला वर्षभर काम असतं. अखंड हरिनाम सप्ताह, जत्रेतला ऑर्केस्ट्रा, बसवजयंती आणि भीमजयंतीचे कार्यक्रम, गणपतीतल्या स्पर्धा, शाळेचं स्नेहसंमेलन आणि लगीनसराई. साऊंडवाला तोच, सामान तेच. पण आज पखवाज आणि टाळ, उद्या कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, परवा नुसती भाषणं. दरवेळी मिक्सर पहिल्यापासून लावायचा तर तास-दीड तास हवा, आणि तेवढी सवड आयोजक क्वचितच देतात. डिजिटल मिक्सरने या माणसाची मोठी सोय केली: एकदा लावलेलं सगळं साठवून ठेवता येऊ लागलं.

साठवायला एक बटण पुरतं. साठवलेलं हव्या त्या वेळी आणि हवं तेवढंच परत मिळवायला मात्र थोडा विचार लागतो, थोडी शिस्तही लागते. या प्रकरणात त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

चिकटपट्टी आणि चिठ्ठी

अॅनालॉग मिक्सरची आठवण मिक्सरच्या बाहेर असायची. फेडरच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने ‘महाराज’, ‘पेटी’, ‘पखवाज’ असं लिहायचं. कार्यक्रम चांगला जमला की वहीत मिक्सरचं चित्र काढून प्रत्येक नॉब घड्याळाच्या कितीच्या काट्यावर होता ते टिपायचं. पुढे मोबाईल आला आणि चित्राच्या जागी फोटो आला. फोटोवरून नॉब पुन्हा त्याच जागी आणता येत होते, पण एकेक करून, हाताने, आणि अंदाजानेच.

डिजिटल मिक्सरमध्ये नॉबची जागा म्हणजे एक आकडा. असे आकडे किती असतात ते पाहिलं की साठवण्याची गरज आपोआप पटते. आपल्याकडे भाड्याच्या साऊंडमध्ये सर्रास दिसणारा बेहरिंगर एक्स-३२ घेऊ. त्यात माईकचे ३२ चॅनल. प्रत्येक चॅनलच्या इक्यूचे चार पट्टे, आणि पट्ट्याला तीन आकडे: कोणती कंप्रता, किती वाढवायची किंवा कापायची, आणि किती रुंद भागावर. म्हणजे १२. शिवाय तो चॅनल सोळा मिक्स बसकडे किती सोडायचा याचे १६. एवढे दोनच धरले तरी एका चॅनलचे २८ आणि ३२ चॅनलचे ८९६ आकडे होतात. गेन, फँटम पॉवर, लो-कट, गेट, कॉम्प्रेसर, फेडर, म्यूट, इको आणि रिव्हर्ब यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. हे सगळं कुणाच्या डोक्यात राहणार?

मिक्सरला आठवण कधी आली

ही कल्पना गावाकडच्या मंडपात येण्याआधी मोठ्या स्टुडिओत रुजली. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या नीव्ह कंपनीने ‘नेकॅम’ नावाची यंत्रणा आणली. गाणं मिक्स करताना फेडर कधी, किती सरकले हे संगणक नोंदवून ठेवी आणि पुढच्या वेळी मोटरच्या जोरावर फेडर आपोआप तसेच सरकत. पण साठवला जाई तो फेडरचा प्रवास. बाकीचा मिक्सर अॅनालॉगच होता.

१९८७ मध्ये यामाहाने डीएमपी-७ हा आठ चॅनलचा छोटा डिजिटल मिक्सर काढला. त्याचे फेडर मोटरचे होते आणि इक्यू, इफेक्टसकट सगळी मांडणी त्याच्या स्मृतीत राहत असे. १९९५ च्या ०२-आर मिक्सरने ही सोय छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात आणली. लाइव्ह कार्यक्रमांसाठी यामाहाचाच पीएम-१-डी २००० च्या सुमारास आला आणि २००५ मध्ये एम-७-सीएल. तोवर हा मामला मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांचा होता. २०१२ मध्ये एक्स-३२ आला आणि चित्र पालटलं. बेहरिंगरच्या मालक समूहाने २००९ च्या अखेरीस मायडस ही नामांकित ब्रिटिश कंपनी विकत घेतली होती. तिथल्या अनुभवाचा हात या मिक्सरला लागला होता आणि किंमत आधीच्या डिजिटल मिक्सरपेक्षा पुष्कळच कमी होती. त्यानंतर अॅलन अँड हीथची क्यू मालिका, यामाहाची टीएफ मालिका असे पर्याय आले आणि तालुक्याच्या गावातल्या टेम्पोतही डिजिटल मिक्सर दिसू लागला.

मिक्सर आला, पण त्याची फाइल सांभाळायची सवय त्याच्याबरोबर आपसूक आली नाही. अनेकांकडे आजही मिक्सरमध्ये एकच सीन असतो, त्याचं नाव ‘न्यू’ किंवा ‘टेस्ट’, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच्यावरच पुढचं सेव्ह होत जातं.

सीन म्हणजे नेमकं काय

सीन म्हणजे एका क्षणी मिक्सरवर जे काही लावलेलं आहे त्याची नोंद. आवाज त्यात नसतो. काल कीर्तन कसं ऐकू आलं हे सीनला ठाऊक नसतं. काल कोणता आकडा कुठे होता एवढंच ठाऊक असतं. हा फरक पुढे वारंवार कामाला येईल.

सीनच्या आजूबाजूला आणखी तीन गोष्टी असतात. पहिली प्रीसेट किंवा लायब्ररी: एका चॅनलची किंवा एका इफेक्टची नोंद. एखाद्या गायकाच्या आवाजाला नेमका बसलेला इक्यू आणि कॉम्प्रेसर असा वेगळा ठेवता येतो आणि कुठल्याही चॅनलवर उतरवता येतो. दुसरी स्निपेट: मोजक्याच गोष्टींची नोंद, उदाहरणार्थ फक्त चार चॅनलचे म्यूट. तिसरी शो: अनेक सीन आणि स्निपेट यांची क्रमवार यादी. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात एखादं व्यावसायिक नाटक लागतं तेव्हा शोचा खरा उपयोग कळतो. या प्रवेशात कोणाचा कॉलर माईक चालू, पुढच्यात कोणाचा बंद, पावसाचा आवाज कुठल्या स्पीकरमधून, हे सगळं ओळीने लावून ठेवलं की ऑपरेटरने संहितेवर नजर ठेवून एकेक बटण दाबत जायचं. अॅनालॉगच्या काळात हेच काम दोन हात आणि पाठांतर यांवर चालायचं.

एक्स-३२ मध्ये शंभर सीन आणि शंभर स्निपेट मावतात. सीनची फाइल म्हणजे चक्क साधा मजकूर असतो. संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या चॅनलचं नाव, त्याचा रंग, गेन, फेडर असं ओळीओळीने वाचता येतं. यातून दोन गोष्टी लक्षात येतात. फाइल अगदी लहान असते, त्यामुळे दहा प्रती ठेवायलाही जागेची अडचण नाही. आणि दोन सीनमध्ये फरक काय झाला हे मजकूर शेजारी शेजारी ठेवून शोधता येतं.

सीनमध्ये काय नसतं हेही पाहून ठेवावं. नेटवर्कचा पत्ता, घड्याळ, पडद्याचा उजेड अशा मिक्सरच्या स्वतःच्या सेटिंग सहसा सीनबाहेर असतात. स्टेज बॉक्सच्या तीन नंबरच्या भोकात कोणती वायर खोचली होती हे तर कुठल्याच फाइलमध्ये नसतं. पोराने पेटीची वायर चारमध्ये आणि पखवाजाची तीनमध्ये लावली, तर सीन बिनचूक उघडेल आणि पेटीला पखवाजाचा इक्यू लागेल. म्हणून सीनच्या जोडीला वायरिंगची यादी हवीच, मग ती कागदावर का असेना.

सप्ताहातली एक संध्याकाळ

समजा, मंद्रूपमध्ये सप्ताह चालू आहे. संध्याकाळी हरिपाठ, त्यानंतर कीर्तन, रात्री उशिरा भजनाचा जागर. साऊंडवाल्याने तिन्हींचे सीन करून ठेवले आहेत. हरिपाठ संपला, माणसं उठली, तेवढ्यात त्याने कीर्तनाचा सीन लोड केला. मागून मदतनीस ओरडतो, “अण्णा, महाराजांचा माईक बंदच हाय की!”

काय झालं असेल? कीर्तनाचा सीन काल सेव्ह केला तेव्हा महाराज अजून आले नव्हते. त्यांचा चॅनल म्यूट होता. सीनने म्यूटही साठवला आणि आज इमानदारीने परत आणला. उलट प्रकार जास्त त्रासाचा. काल सेव्ह करताना एक जास्तीचा माईक चालू राहिलेला असतो. आज तोच माईक स्पीकरसमोर आडवा पडलेला आहे. सीन लोड होताच तो शिट्टी मारतो आणि सगळा मंडप मागे वळून पाहतो.

म्हणून सीन करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा परत येताना कशाकशाला हात लावता कामा नये? जवळजवळ सगळ्या डिजिटल मिक्सरमध्ये याची सोय असते. एक्स-३२ वर ती ‘सेफ’ नावाने आहे, यामाहावर ‘रिकॉल सेफ’ नावाने, आणि अॅलन अँड हीथच्या मिक्सरवर फिल्टर आणि सेफ या दोन नावांनी. सेफमध्ये टाकलेली गोष्ट सीन बदलला तरी जागची हलत नाही.

मंडपातल्या कामात पुढच्या गोष्टी बहुतेक वेळा सेफमध्ये असाव्यात. पहिला मान मुख्य आउटपुटचा. मैदानातले स्पीकर आज ज्या पातळीवर बसवलेत ती पातळी गणपतीतल्या जुन्या सीनने उचलून वर नेली तर कानठळ्या बसतील. यात कायद्याचाही प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दहाला पाच कमी असताना चुकीचा सीन लोड होणं कुणालाच परवडत नाही. दुसरी गोष्ट निवेदकाचा कॉर्डलेस. तो हरिपाठ ते जागर सतत कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो, म्हणून त्याचा चॅनल सेफ. तिसरी रेकॉर्डिंगला किंवा यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणाला जाणारी लाइन. चौथी माईकचे गेन, कारण चालू माईकच्या गेनने अचानक उडी मारली तर ती उडी मॉनिटरसकट सगळीकडे ऐकू येते.

सीन लोड करायची वेळही ठरलेली हवी. बोलणं चालू असताना, अभंगाच्या मधोमध, टाळ्यांच्या कडकडाटात असं कधीही नाही. आधीचा कार्यक्रम संपून माणसं उठली की म्यूट ग्रुप दाबून स्टेजवरचे माईक बंद करावेत, मग सीन लोड करावा, पडद्यावर एकदा नजर फिरवावी आणि एकेक माईक उघडत जावा. म्यूट ग्रुपही सीनबरोबर बदलतो की नाही, हे आपल्या मिक्सरवर आधीच तपासून ठेवलेलं असावं.

जुना सीन, आजची कणीक

कालचा सीन आज जसाच्या तसा चालेल का? याचं उत्तर पखवाजाजवळ मिळतं. पखवाजाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. वादक गोळा थापतो, पाण्याच्या बोटाने कडा सारखी करतो, दोन थापा मारून ऐकतो, थोडी कणीक काढतो किंवा वाढवतो. धुमेचा खर्ज त्या कणकेच्या वजनावर आणि ओलेपणावर ठरतो. कीर्तन संपलं की कणीक खरवडून काढली जाते. म्हणजे धुमेचा सूर रोज नवा. काल सीनमध्ये शंभर हर्ट्झच्या आसपास जो खड्डा केला होता तो आज थोडा वर किंवा खाली लागेल. मिक्सरला काल कापलेला आकडा आठवतो. आज किती कणीक लागली हे त्याला कोण सांगणार?

हवेचंही तेच. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, प्रत्येक अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. २० अंशाला तो सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशाला सुमारे ३५५. लांब मैदानात मागच्या माणसांसाठी तीस मीटरवर जास्तीचे स्पीकर लावले, तर पुढचा आवाज तिथवर पोचेपर्यंत त्यांना थांबवून ठेवावं लागतं. हिवाळ्यातल्या रात्री ही थांबवणूक सुमारे ८७ मिलिसेकंद येईल आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या दुपारी सुमारे ८४. फरक तीन मिलिसेकंदांचा, म्हणजे अंतरात मोजला तर मीटरभराचा. भाषणाला तो चालून जाईल; पण दोन आवाजांच्या मिलाफात काही स्वर पोकळ होतात, ते कान असलेल्याला कळतं. रिकामा मंडप आणि भरलेला मंडप यांतला फरक तर याहून मोठा, कारण माणसं आणि त्यांचे कपडे वरचे स्वर शोषून घेतात.

म्हणून अनुभवी साऊंडवाला दोन प्रकारचे सीन ठेवतो. एक कोरा, पायाभूत: चॅनलची नावं, रंग, राउटिंग, मॉनिटरची मांडणी, लो-कट, साधारण गेन, आणि इक्यू जवळजवळ सपाट. नव्या जागी नेहमी इथून सुरुवात. दुसरा त्या त्या कार्यक्रमाचा, जागा आणि कलाकार ठरलेले असतील तेव्हाच वापरायचा. सप्ताहाचे सातही दिवस मंडप तोच असतो, तेव्हा पहिल्या दिवशीचा सीन दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात तो लोड करणं म्हणजे त्या मंडपाचे दोष या मंडपात आणणं.

तारीख घातलेली नोंद

याच तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि ती करता येते कारण कोरणाऱ्याने वर्ष कोरून ठेवलं. हजार वर्षांनी वाचणाऱ्याला कुणाला विचारावं लागलं नाही. साऊंडवाल्याच्या फाइलला हजार वर्षं टिकायचं नाही, पण दीड वर्षाने ती उघडणाऱ्याला हाच प्रश्न पडतो: ही कधीची?

‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ ही नावं त्याचं उत्तर देत नाहीत. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, त्यापुढे गाव आणि कार्यक्रम. वर्ष आधी घेतल्याने यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. बहुतेक मिक्सरच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, म्हणून नाव रोमन अक्षरांत, छोटं, आणि तिरप्या रेघा किंवा उद्गारचिन्हं टाळून लिहावं. सीनला टीप जोडायची सोय असेल तर तिथे जागा लिहावी, कोणते माईक होते ते लिहावं आणि शेवटी काय बदललं तेही.

जुन्या फाइलवर नवी कधी सेव्ह करायची? एकाच कार्यक्रमात, एकाच संध्याकाळी. दिवस बदलला की नवी फाइल. इवल्याशा फाइलची जागा वाचवून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

एक प्रत म्हणजे शून्य प्रत

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी डिजिटल फोटो सांभाळण्यासाठी सांगितलेला ३-२-१ नियम आता सगळ्याच क्षेत्रांत वापरला जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. साऊंडवाल्यासाठी त्याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत मिक्सरच्या पोटात, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी लॅपटॉपवर किंवा ईमेलने, ड्राइव्हवर पाठवलेली. पेनड्राइव्ह मिक्सरलाच खोचून ठेवला तर टेम्पो भिजला की दोन्ही प्रती एकदम जातात. तिसरी प्रत लांब ठेवायची ती यासाठी.

पेनड्राइव्हच्या बाबतीत काही बारकावे आहेत. एक्स-३२ सारख्या मिक्सरला तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. घरच्या संगणकाने मोठ्या पेनड्राइव्हला दुसरी पद्धत दिली असेल तर मिक्सर तो ओळखत नाही. ज्या पेनड्राइव्हवर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं त्यावर सीन ठेवू नयेत; रेकॉर्डिंग आयोजक मागून नेतात आणि सीनही त्याबरोबर जातात. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला तर फाइल अर्धवट राहते, आणि तिचं नाव मात्र यादीत व्यवस्थित दिसतं.

एक चूक हमखास घडते. एक्स-३२ वर शो बाहेर काढला की शोची एक फाइल तयार होते आणि तिच्याबरोबर प्रत्येक सीनची, स्निपेटची वेगळी फाइल. शोची फाइल ही नुसती यादी; खरा माल सीनच्या फाइलींत. घाईत ‘मुख्य’ वाटणारी एकच फाइल मोबाईलवर पाठवली, तर दुसरीकडे यादी उघडते आणि आत काहीच नसतं. त्यामुळे सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये, एकत्रच हलवायच्या. यामाहाच्या सीएल, क्यूएल मालिकेत उलट आहे: तिथे मिक्सरमधलं सारं एका फाइलमध्ये जातं. आपल्या मिक्सरची रीत कोणती, हे कार्यक्रमाच्या दिवशी शोधायचं नाही.

आणि प्रत घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. ती उघडून पाहिली की झाला. बहुतेक कंपन्यांचं संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मिक्सर जवळ नसतानाही त्यात फाइल उघडून पहिल्या चॅनलचं नाव बरोबर आहे का, मॉनिटरचे सेंड जागेवर आहेत का, हे पाहता येतं. पावसाळ्यात ऑर्डरी कमी असतात. वर्षभराच्या फाइली चाळायला तो वेळ चांगला.

दुसऱ्याचा मिक्सर

लगीनसराईत आपला मिक्सर एका गावी अडकलेला असतो आणि दुसऱ्या ऑर्डरसाठी सोलापुरातून भाड्याने आणावा लागतो. फाइल तिथे चालेल का? मॉडेल तेच असेल तर चालेल, बहुधा. एक्स-३२ आणि मायडस एम-३२ यांच्या फाइली एकमेकांत चालतात. पण मोठ्या एक्स-३२ ला पाठीमागे माईकची ३२ भोकं असतात आणि कॉम्पॅक्टला १६. फाइल उघडेल, मात्र सतराव्या चॅनलपासून पुढच्यांना आवाज कुठून मिळणार ते राउटिंगमध्ये जाऊन ठरवावं लागेल. त्याच कंपनीच्या एक्स-एअर मालिकेत तर ही फाइल उघडतच नाही. यामाहाच्या काही मालिकांमध्ये फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर कंपनीने दिलं आहे. त्यातूनही सगळं जसंच्या तसं येत नाही. कंपनीच बदलली तर कागदावरची चॅनलयादी हाच बॅकअप.

फर्मवेअरची आवृत्तीही पाहावी लागते. नव्या आवृत्तीवर केलेली फाइल जुन्या आवृत्तीच्या मिक्सरवर अडू शकते. आणि दुसऱ्याच्या मिक्सरवर आपली फाइल घालण्याआधी त्याची सध्याची मांडणी त्याच्या नावाने सेव्ह करून ठेवावी. शिष्टाचार म्हणून तर हवंच; शिवाय आपली फाइल बिघडलेली निघाली तर मागे फिरायला जागा राहते. फाइल घालताना अॅम्प्लिफायर बंद असावेत.

लाईट गेली तर

अॅनालॉग मिक्सरची लाईट गेली आणि आली की नॉब होते तिथेच असायचे. डिजिटल मिक्सर मात्र वीज आल्यावर पुन्हा सुरू होतो, त्याला काही क्षण लागतात, आणि तो शेवटची नोंद जिथवर झाली होती तिथे परततो. सीन घेतल्यानंतर तुम्ही पाऊण तास हाताने जे जुळवत आणलं त्यातलं शेवटचं थोडं त्यात नसण्याची शक्यता असते. वीज आणि जनरेटर यांची अदलाबदल होण्याच्या त्या दोन-चार सेकंदांसाठी मिक्सर आणि स्टेज बॉक्स यांना छोटा यूपीएस पुरतो. अॅम्प्लिफायरचा भार त्यावर टाकायचा नाही. पहिला अभंग स्थिरावला, आवाज जमला, की लगेच एकदा सेव्ह करावं. मध्यंतरात पुन्हा एकदा. कार्यक्रम संपल्यावर आधी अॅम्प्लिफायर बंद, मग मिक्सरच्या मेनूतून शटडाउन, आणि त्यानंतरच पाठीमागचं बटण. सामान आवरायच्या घाईत मधली पायरी गळते आणि रात्रीचे शेवटचे बदल तिथेच राहतात.

फाइल कोणासाठी

एकट्याने काम करणाऱ्याला हे सगळं जास्तीचं वाटेल. माझं मला ठाऊक आहे, असं तो म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण एका मुहूर्ताला तीन लग्नं येतात, मालक अक्कलकोटला असतो आणि मंद्रूपच्या मंडपात मदतनीस पोरगा मिक्सरवर बसतो. त्याला फोनवरून नऊशे आकडे सांगता येत नाहीत. “आजच्या तारखेची, मंद्रूप नावाची फाइल उघड, आधी सगळे माईक म्यूट कर,” एवढं सांगता येतं. फाइल नावाने सापडली, वायरिंगची यादी पेटीत मिळाली, मुख्य आउटपुट सेफमध्ये असलं, तर तो पोरगा दहा मिनिटांत तयार होतो आणि कार्यक्रम बिघडवूही शकत नाही. उरलेला वेळ तो वादकाला दोन थापा मारायला सांगून धुमेचा खर्ज आज कुठे बसलाय ते ऐकण्यात घालवू शकतो. आधी पडद्याशी झगडण्यात हाच वेळ जात होता. सीन आणि बॅकअप यांच्याकडून मागायचं ते एवढंच.